तिसऱ्या स्वप्नातली बाई

ज्या लेखामुळे चार लोक मला समीक्षक म्हणायला लागले, त्या लेखात मी एका जिवंत बाईला मारेकरी म्हटलं आहे. ते लिहिलं तेव्हा ती बाई मला माहीत होती. तिच्या हातचा चहा मी प्यालो होतो. त्यामुळे चुकून झालं, अजाणता झालं, असं म्हणायची सोय मला नाही.

मी केजला एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या एम. ए.च्या अभ्यासक्रमाला एक कादंबरी लागली. तिचं नाव इथं घेत नाही. लिहिणारे गृहस्थ वडवणीचे. लिंगायत घराणं, घरचं किराणा दुकान, पण हे दुकानात रमले नाहीत. सगळी हयात प्राथमिक शाळेत मास्तरकी केली. निवृत्त झाल्यावर ही एकच कादंबरी त्यांनी एका छोट्या प्रकाशकाकडून छापून घेतली. ती कुणी विचारली नाही. पुढे ते वारले आणि मग कुणाच्या तरी हाती ती पडली, चर्चा झाली, मराठीतली अस्सल उत्तर-आधुनिक कादंबरी वगैरे म्हणून गाजली आणि अभ्यासक्रमात आली.

पुस्तक अवघड होतं. पहिल्याच प्रकरणात निवेदक मरतो आणि पुढची सगळी पानं तोच बोलत राहतो. प्रकरणांचे आकडे एक, दोन, पुन्हा दोन आणि एकदम पाच. तळटीपांमध्ये जगात नसलेल्या ग्रंथांचे हवाले. एक प्रकरण म्हणजे नुसता शाळेचा हजेरीपट, बाकी काही नाही. आणि मधूनमधून पाच स्वप्नं. वर्गातल्या एका मुलीनं तर पहिल्याच आठवड्यात विचारलं, "सर, ह्यात छापताना पानं मागंपुढं झालीत का?"

मी हसलो, पण घरी येऊन पुस्तक उघडलं तेव्हा मलाही तीच शंका होती. विभागात आम्ही तिघं. बाकीच्या दोघांनी हात झटकले होते, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं होतं.

ते मला उलगडलं पाचव्या स्वप्नापासून. त्यात नायक एका गडावरच्या यात्रेत फिरतो आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाचं तोंड सारखंच असतं. गडाचं नाव कुठं दिलेलं नाही. पण मी शेतकऱ्याच्या घरातला. आमच्या घरात नारायणगडाची भक्ती वडलोपार्जित. लहानपणी वडलांच्या खांद्यावर बसून मी ती यात्रा बघितली होती. महाप्रसादाच्या पंगतीत वाढणारे ताट बघतात, तोंड बघत नाहीत, हे मला ठाऊक होतं. स्वप्नातली सारखी तोंडं तिथून आली होती. मी वर्गात हे सांगितलं तेव्हा पोरं एकदम जागी झाली. एकजण म्हणाला, "म्हंजी हे आपल्याकडचंच हाय की सर!"

त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की किल्ली माझ्या हातात आहे. एक कुलूप उघडलं ते माझ्या घरचं होतं म्हणून, हे माझ्या लक्षात आलं नाही.

सगळ्यांना अडवत होतं ते तिसरं स्वप्न. शाळेच्या ओसरीवर एक बाई बसलेली आहे. हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण. मांडीवर चांदीची छोटी डबी. ती डबी उघडते, ती रिकामी असते. ती बेलाचं पान आत ठेवते, झाकण लावते, पुन्हा उघडते, तर पुन्हा रिकामी. नायक विचारतो, "आतला देव कुठाय?" बाई म्हणते, "झोपलाय. उठवू नका." एवढंच स्वप्न. पण त्यानंतर नायक कुठल्याही देवाचं नाव घेत नाही, आणि पुढचं हजेरीपटाचं प्रकरण लागतं. त्यात पहिल्या क्रमांकापुढं नाव नाही, मोकळी जागा आहे, आणि त्या ओळीत महिनाभर रोज गैरहजर.

लिंगायत लोक गळ्यात इष्टलिंग बाळगतात, ते चांदीच्या डबीत असतं, एवढं मी ऐकून होतो. त्यापुढचं मला काही माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यावंसंही वाटलं नाही. पुस्तकं होती ना. स्वप्नातली पेटी म्हणजे काय, रिकामं भांडं म्हणजे काय, हे परदेशी मानसशास्त्रात छापील मिळत होतं.

लेख लिहायच्या आधी मी वडवणीला गेलो ते मास्तरांच्या वह्या बघायला. धारूरच्या घाटानं बस हळूहळू उतरली, तेलगाव गेलं आणि अकराच्या सुमारास मी त्यांच्या दुकानाशी उतरलो. मुलगा गल्ल्यावर होता. त्यानं मला दुकानामागच्या घरात नेलं. तिथं मास्तरांची बायको होती, सत्तरीच्या जवळपासची. कपाळाला विभूती, गळ्यात इष्टलिंगाचा शिवदोरा, हनुवटीवर तीन ठिपके.

ते ठिपके मी बघितले. मनात नोंदही केली. लेखकानं बायकोचं रूप वापरलंय, असं वहीत लिहूनसुद्धा घेतलं.

काकूंनी लोखंडी पेटीतून वह्या काढून दिल्या. मी पानापानाचे मोबाइलवर फोटो काढत होतो आणि त्या उंबऱ्याशी बसून बघत होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "काय हुडकताय सर त्यात?"

"प्रतीकं, काकू. म्हणजे एखादी वस्तू लिहिलेली असते, पण तिचा अर्थ वेगळाच असतो."

"मग त्यायलाच इचारायला पायजे होतं तुमी. लई उशीर केला."

"आमच्यात तसं विचारत नाहीत," मी म्हणालो. मला नव्या सिद्धांतांचं फार होतं तेव्हा. "पुस्तक हातात घेतलं की लेखक मेला असं मानून वाचायचं."

काकूंनी माझ्याकडं टक लावून बघितलं. "त्यात मानायचं काय? चार वर्षं झाली की त्यायला जाऊन."

मी हसलो. हा किस्सा पुढं मी दोन चर्चासत्रांत सांगितला आणि लोकांना हसवलं. ते हसणं आठवलं की आजही मान खाली जाते.

निघायच्या वेळेला त्या म्हणाल्या, "त्यात एक डबी हाय म्हणं. नात सांगत होती. ती डबी घरातच हाय. दाखवू का?"

मी घड्याळ बघितलं. केजकडची बस होती, ती चुकली तर जीपच्या मागं लटकत जावं लागणार होतं. पण बसचं कारण अर्धंच खरं. बाकी अर्धं असं की मला ती डबी बघायचीच नव्हती. माझा अर्थ तयार झाला होता आणि खरी डबी त्यात खोडा घालेल अशी भीती वाटत होती. मी म्हणालो, "असू द्या काकू. पुस्तकातली डबी वेगळी असते."

"बरं," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. तो चहा पिऊन मी निघालो.

लेख मी एका दमात लिहिला. चांगला लिहिला होता, हे आजही नाकारत नाही. पाचव्या स्वप्नावरचा भाग तर मी जिथं जाईन तिथं लोक उचलून धरत. तिसऱ्या स्वप्नाबद्दल मी लिहिलं की डबी म्हणजे रिकामं गर्भाशय आणि रिकामा गाभारा, दोन्ही. बाई देव संपवते आणि तो झोपलाय असं खोटं सांगते. हजेरीपटातली मोकळी जागा देवाची. देव सृष्टीच्या वर्गात कायमचा गैरहजर. आणि या परिच्छेदाच्या शेवटी मला एक खणखणीत वाक्य हवं होतं. मी लिहिलं, "ओसरीवरची ही गोंदणवाली स्त्री नायकाच्या श्रद्धेची मारेकरी आहे."

लेख एका नियतकालिकात आला. पत्रं आली, फोन आले. मग तो एका संदर्भग्रंथात गेला, तिथून परीक्षेच्या गाइडमध्ये. ते वाक्य ठळक अक्षरात छापलं गेलं. मला बरं वाटलं. नातेवाइकांच्या एका लग्नात कुणीतरी ते पाठ म्हणून दाखवलं तेव्हा मी नको नको म्हणत ऐकून घेतलं.

दोनेक वर्षांनी वडवणीहून मास्तरांच्या मुलाचा फोन आला. "सर, आईनं बोलावलंय. जमलं तर या." आवाजात राग नव्हता, म्हणून मला वाटलं सत्कार-बित्कार असेल. खोटं कशाला सांगू, मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

त्या दिवशी वडवणीचा बाजार होता. दुकानात गर्दी, मुलाला मान वर करायला फुरसत नव्हती. त्यानं नुसता आत जा असा हात केला. आत काकू सतरंजीवर बसल्या होत्या आणि शेजारी त्यांची नात. ती बीडला बी. ए. करत होती. तिच्या मांडीवर तो संदर्भग्रंथ होता. मी बसायच्या आतच मला कळलं.

काकू म्हणाल्या, "हिच्या मॅडमनी हे वाचायला दिलं. हिला काय माहीत, हिनं आजोबाचं म्हणून मला मोठ्यानं वाचून दाखवलं. सर, एक इचारू? मारेकरी म्हंजी मारणारीच ना? का तुमच्यात त्याचा दुसरा अर्थ असतो?"

माझ्या तोंडातून जे आलं ते ऐकून मला स्वतःचीच शिसारी आली. मी म्हणालो, "काकू, ते पात्राविषयी आहे. तुमच्याविषयी नाही."

"तिच्या हनवटीवर माझं गोंदण हाय."

"हो, पण..."

"आन तिच्या तोंडात माझं बोलणं हाय." त्यांनी नातीकडं बघितलं. "तू जा, दुकानात बापाला हात लाव."

नात उठली नाही. म्हणाली, "मला बी ऐकायचंय आजी. मीच वाचलंय ते."

मग काकूंनी सांगितलं ते असं. त्यांचं माहेर केजकडचं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्यांना मुलगा झाला. लिंगायतांत मूल जन्मलं की काही दिवसांत स्वामी येऊन त्याला लिंग बांधतात. त्याच्यासाठी आजोबांनी लहानशी चांदीची डबी घडवून घेतली होती. मूल सहा महिन्यांचं असताना काकूंच्या माहेरी लग्न निघालं. मास्तर म्हणत होते, ऊन फार आहे, जाऊ नको. काकू हट्टानं गेल्या. तिथं मुलाला ताप भरला. गावच्या औषधानं उतरेना, तेव्हा भावाला घेऊन त्या बीडच्या दवाखान्यासाठी एसटीत बसल्या.

"नेकनूर सोडलं आन त्यो गार पडला," काकू म्हणाल्या. "मला कळलं. आईला कळतं की. पण बोंब मारली असती तर कंडाक्टरनं रानातच उतरवलं असतं. म्हणून मी पदर घातला वरून. शेजारची बाई म्हणली, लेकरू लई शांत हाय गं. मी म्हणलं, झोपलाय, उठवू नका. बीडपतोर मी तेच म्हणत आले. झोपलाय. उठवू नका."

बाहेर दुकानात कुणीतरी साबण मागत होतं.

"हे मी माझ्या भावाला बी सांगितलं न्हाई. एकट्या त्यायला सांगितलं होतं, एकदाच." त्यांनी मांडीवरचा पदर सारखा केला. "आमच्यात माणूस बसवून पुरतात. लिंग त्याच्या हातावर ठेवतात. लेकराला बीडहून हितं आणलं, त्याच्या बी ठेवलं. डबी तेवढी माघारी आली. ती मी तुम्हाला दाखवणार होते."

मी सतरंजीची दशी बोटाला गुंडाळत होतो.

"त्यांनी मला कधी म्हणलं न्हाई की तुझ्यामुळं गेलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं. पुढं तीन लेकरं झाली, समदं झालं. पण मी वाट बघायची. भाजी खारट झाली तरी मला वाटायचं, आता म्हणतील. कदी न्हाई म्हणले." त्यांनी पुस्तकावर बोट ठेवलं. "तुमी म्हणले."

नातीनं आजीचा हात धरला. माझ्याकडं तिनं बघितलंही नाही.

मग काकूंनी जे विचारलं, ते विचारण्यासाठीच त्यांनी मला बोलावलं होतं. "खरं सांगा सर. त्यांनी तसं लिवून ठिवलंय का? का तुमच्या मनानं काढलं तुमी?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. तेच तर सगळ्यात वाईट होतं. मी पुस्तक बारा वेळा वाचलं होतं आणि हा साधा प्रश्न मी त्याला कधी विचारलाच नव्हता. कोण जाणे, मास्तरांच्या मनात तसं असेलही. मी अंधारात मारलेला दगड बरोबर जागी लागलेला असेलही. पण समोर काकू होत्या. मी म्हणालो, "मी काढलं. माझ्या मनानं."

"शपथ?"

"शपथ," मी म्हणालो. ती शपथ खरी की खोटी, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्यांनी सुस्कारा सोडला. रागावल्या नाहीत, हे मला जास्त लागलं. मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय मागं घेतले.

केजला परत आलो. बायकोनं विचारलं, "कावून तोंड असं झालंय? सत्कार न्हाई झाला वाटतं?" मी तिला सगळं सांगितलं. ती पण शिक्षिका आहे. तिनं पुस्तक कधी वाचलं नव्हतं. तिनं एकच विचारलं, "लेकराला मातीला नेलं तेव्हा मास्तर कुठं होते?"

मला ते माहीत नव्हतं. काकूंनी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. पुन्हा एकदा मी न विचारता उठून आलो होतो.

मी कादंबरी पुन्हा काढली. या वेळी मानसशास्त्राची पुस्तकं कपाटातच राहू दिली. तिसऱ्या स्वप्नाखाली एक तळटीप आहे, ती सगळ्यांनी सोडून दिलेली, मीही. तिथं नेहमीसारखा एका नसलेल्या ग्रंथाचा दाखला आहे आणि पुढं लिहिलंय की बाई डबी पुढं करते, पण घेणाऱ्याला हात नाहीत. मी आधी याला शैलीचा खेळ समजलो होतो. त्यानंतर लगेच हजेरीपट. रकान्यातली मुलं खरी वाटावीत अशी नावं, आणि पहिल्या क्रमांकाला नाव नाही. महिन्याच्या एका दिवशी मात्र सगळ्या वर्गाची हजेरी नेहमीपेक्षा वेगळ्या, थरथरत्या अक्षरात आहे, असं कंसात नमूद केलंय, आणि त्या दिवसाच्या खाली शिक्षकाच्या सहीची जागा कोरी आहे.

आठवडाभरानं मी न सांगता पुन्हा वडवणीला गेलो. मुलानं मला बघून दुकानातच थांबवलं. "आता काय सर? ती दोन दिवस जेवली न्हवती."

मी म्हणालो, "एकच गोष्ट विचारायची आहे. त्या नाही म्हणाल्या तर परत जातो."

काकू नाही म्हणाल्या नाहीत. मी खाली बसलो आणि विचारलं, "काकू, मातीला मास्तर होते का?"

काकूंनी माझ्याकडं बघितलं. "न्हाई. शाळेत गेलते."

"शाळेत?"

"सकाळीच उठून गेले. सासऱ्यानं माणूस धाडला, तरी आले न्हाईत. पोरांची हजेरी घेत बसले म्हणं. दिवसभर. एकदा झाली की परत पहिल्यापासून. पोरं भ्याली होती. सांजच्याला हेडमास्तर हाताला धरून घेऊन आले."

मी पुस्तक उघडलं. त्यांना विचारून, ते स्वप्न, ती तळटीप आणि हजेरीपट, हळूहळू वाचून दाखवलं. मधे काही बोललो नाही. नातही येऊन दाराशी उभी राहिली. हजेरीतली पोरांची नावं मी वाचत होतो तेव्हा काकू एकदम म्हणाल्या, "ह्यातला एक आपल्या दुकानात माल घ्यायला येतो. त्यो खरंच त्यांच्या वर्गात होता."

मग मी सांगितलं. "मी लिहिलं होतं की ही पहिली मोकळी जागा देवाची आहे. आता मला वाटतं, ती तुमच्या मुलाची आहे. आणि हात नसलेला माणूस म्हणजे मास्तर स्वतः. त्यांनी मुलाला उचललं नाही, म्हणून. या पुस्तकात ते तुम्हाला दोष देत नाहीत, काकू. स्वतःला देतात."

काकूंनी त्या पानावर हात ठेवला. मला वाटलं, आता त्या रडतील आणि मग माझंही ओझं उतरेल. असं वाटल्याचीही मला आता शरम वाटते.

त्या रडल्या नाहीत. त्यांना राग आला. पहिल्यांदा, आणि माझा नव्हे. "मग तोंडानं का न्हाई बोलले? एका ताटात जेवलो आमी. एवढी दोनशे-तीनशे पानं लिवली, मला दोन शब्द बोलले असते तर काय झालं असतं? मला वाचता येत न्हाई, ठाऊक होतं की त्यायला!"

नातीनं त्यांना तांब्याभर पाणी आणून दिलं.

थोड्या वेळानं शांत होऊन त्या म्हणाल्या, "हे तरी खरं हाय का सर? का परत काढलं तुमी?"

या वेळी मी शपथ घेतली नाही. "पुस्तकात एवढं एवढं लिहिलंय, हे खरं. त्याचा अर्थ हाच, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. मला असं वाटतं, एवढंच."

"हां," त्या म्हणाल्या. "हे बरं बोललात."

लेख दुरुस्त करायचं मी ठरवलं. पण दुरुस्त कसा करणार? मारेकरी का नाही हे सांगायचं तर एसटीतलं सगळं सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायला काकूंनी ठाम नकार दिला. "माझं लेकरू परीक्षेला नका घालू," म्हणाल्या. मग मी नियतकालिकाला चार ओळींचं पत्र पाठवलं: तिसऱ्या स्वप्नाचा माझा अर्थ चुकीचा होता, तो मी मागं घेतो. कारण दिलं नाही. ते पत्र शेवटच्या पानावर, वर्गणीच्या सूचनेखाली छापून आलं. कुणी वाचल्याचं मला कळलं नाही. गाइड छापणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "सर, तेच वाक्य तर पोरं लिहितात. पुढच्या आवृत्तीत बघू." पुढच्या आवृत्तीतही ते आहे.

गेल्या वर्षी उत्तरपत्रिका तपासायला गेलो होतो. पहिल्या गठ्ठ्यातच तिसऱ्या स्वप्नावरचा प्रश्न निघाला. एकापाठोपाठ एक उत्तरात ओसरीवरची स्त्री नायकाच्या श्रद्धेची मारेकरी. वेगवेगळी अक्षरं, माझंच वाक्य. एका मुलीनं त्याखाली दोनदा रेघ मारली होती. मार्क कापावेत असं वाटलं, पण तिची चूक काय? तिनं मी शिकवलेलं लिहिलं होतं. मी पूर्ण मार्क दिले. प्रत्येकाला दिले. संध्याकाळपर्यंत मी बसून स्वतःच्या वाक्याला मार्क देत होतो.

शेजारचे प्राध्यापक म्हणाले, "काय हो, तुम्हाला तर हे तपासणं सोपं. तुमचंच आहे."

"हो," मी म्हणालो. "माझंच आहे."

त्यानंतर मी वडवणीला गेलो आणि काकूंना विचारलं, नाव-गाव बदलून, कुणाचीही ओळख न ठेवता हे सगळं लिहू का? त्या आता फार चालत नाहीत. नात नोकरीला लागली आहे, पण त्या दिवशी घरी होती. काकूंनी दोन दिवस मागून घेतले. नंतर नातीचा फोन आला. "आजी म्हणती, लिहा. गाव बदलू नका, गाव काय कुणाच्या बापाचं न्हाई. नाव घालू नका. आन या वेळेला छापायच्या आदी तिला वाचून दाखवायचं."

म्हणून ही पानं मी मागच्या रविवारी त्यांच्या घरी वाचून दाखवली. नात शेजारी होती. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. दोनदा मला वाटलं त्यांना डोळा लागला, पण मी थांबलो की त्या हात हलवून म्हणायच्या, चालू द्या. मुलाचं वय मी सात महिने लिहिलं होतं. त्यांनी सहा सांगितलं, ते बदललं. सगळं संपल्यावर म्हणाल्या, "एक वाक्य काढा. त्या एसटीतलं. बाकी असू द्या."

कुठलं वाक्य ते त्यांनी सांगितलं. आख्ख्या लिखाणात मला सगळ्यात चांगलं जमलेलं वाक्य तेच होतं. मी त्यांच्यासमोरच पेनानं ते खोडलं. खोडताना ते वाक्य गेल्याची मला हळहळ वाटली, आणि ती काकूंना दिसली असावी, कारण त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"जड जातंय का सर?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

"खोडा," त्या म्हणाल्या. "नीट खोडा. खालचं दिसतंय अजून."